बुधाजीच्या वाटा

या तलावाभोवती सात वाटा आहेत आणि त्यांतली एकही तलावाला पुरता वळसा घालत नाही. प्रत्येक वाट रानातून खाली उतरते, पाण्याला टेकते आणि तिथेच संपते. मग आल्या पावली मागे फिरायचं, वर यायचं आणि पुढच्या फाट्याने पुन्हा खाली उतरायचं. हातात नकाशा घेऊन येणारी मंडळी यावर फार वैतागतात. मागच्या वर्षी एक साहेब मला म्हणाले, "चिंधूभाऊ, एवढ्या वाटा पाडण्यापेक्षा काठाकाठाने एकच पाडली असती तर?" मी म्हटलं, साहेब, ज्याने या पाडल्या त्याला तलाव बघायचा नव्हता.

बसा इथेच. दगडावर शेवाळ आहे, बेताने टेका. धुकं जरा विरळ झाल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही आणि नाहीतरी या फाट्यावर प्रत्येकाला थांबावंच लागतं.

नीट बघून घ्या. उजवीकडे ही अरुंद, चढाची वाट आहे ना, ती वर पठारावर आमच्या वाडीला जाते. डावीकडची चांगली रुंद आहे, पायाला सोपी आहे, नवख्या माणसाचा पाय तिकडेच वळावा अशी आहे. ती खाली पाण्यात जाते. आणि तिच्या तोंडावर हा पांगारा बघा, आडवा. वादळाने पाडलेला नाही, कुणी तोडलेला नाही. उगवला तोच असा, वाटेवर आडवा हात धरल्यासारखा. सातही फाट्यांवर असा एकेक आहे. शिकलेली माणसं येतात, झाडाची जात सांगतात, वय सांगतात, पण आडवं का, ते सांगत नाहीत. आमच्याकडे मात्र ते सांगतात.

मी या तलावावर तेहेतीस वर्षं राखणदार होतो. तुमच्यासारख्यांशी बोलून बोलून माझी बोली धुऊन निघाली, असं घरची म्हणते. पण गोष्टीतली माणसं त्यांच्याच बोलीत बोलतील, त्याला माझा इलाज नाही. गोष्ट किती वर्षांपूर्वीची तेही विचारू नका. माझ्या आजाला त्याच्या आजाने सांगितली आणि त्यालाही ती जुनीच वाटली होती, म्हणे.

तेव्हा हा तलाव नव्हता. इथे खाली, आता जिथे पाण्यावर धुकं बसलंय तिथे, आमचं गाव होतं. कळंबदरा. पन्नास-साठ घरं, मधून ओढा, ओढ्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं. लागोपाठ तीन वर्षं पाऊस ओढला. ओढा आटला, गुरं मेली, मग माणसं मरायला लागली. तेव्हा सगळं गाव देवीच्या आवारात बसलं आणि एक विचार झाला, की ओढा जिथे दोन कड्यांच्या मधून बाहेर पडतो ती खिंड दगडमातीने बुजवायची. पाणी अडलं तर दरीत साठेल आणि पुढच्या पिढ्या तहानेने मरणार नाहीत. पण दरीत पाणी साठायचं म्हणजे दरीतलं गाव जायचं. हे सगळ्यांना कळत होतं. तरीही एकाने नाही म्हटलं नाही, असे सांगतात. दोन उन्हाळे खपून गावाने आपल्याच हाताने आपल्या गावाच्या बुडण्याची तयारी केली.  घर सोडावं लागणं वेगळं आणि ते बुडवायला स्वतः दगड वाहणं वेगळं.

ठरलं होतं असं, की भात काढून झालं की दिवाळीनंतर सावकाश वर पठारावर जायचं. पण पावसाला कुणी सांगितलं होतं? त्या साली तो असा लागला, की श्रावण अर्धा व्हायच्या आत खाचरं पाण्याखाली गेली आणि एका सकाळी पाणी खालच्या घरांच्या ओट्याला लागलं. बांध टिकला, हे गावाचं यश. तेच गावाच्या मुळावर आलं. पाटलाने हाळी दिली, की जे हाती लागेल ते घ्या आणि आजच्या आज वर चला.

इथे तुम्हाला आमची चालायची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

रानातून पुष्कळ माणसं चालायची असली, की आमच्याकडे दोन माणसं ठरलेली असतात. सगळ्यांच्या पुढे चालतो तो पुढल्या आणि सगळ्यांच्या मागे चालतो तो मागल्या. पुढल्या म्हणजे पुढारी नव्हे हं. पुढल्याला वाट माहीत असावी लागते. फाटा आला, की पुढल्या चुकीच्या वाटेच्या तोंडावर हिरवी डहाळी आडवी टाकतो आणि वर दगड ठेवतो. म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं, की इकडे जायचं नाही. आणि मागल्या सगळ्यांच्या शेवटी येतो, ती डहाळी उचलतो आणि काखेत मारतो. खूण तशीच ठेवायची नाही, हा नेम. कारण आपण गेल्यावर मागे राहिलेली खूण उद्याच्या माणसाशी खोटं बोलते. शिवाय ते दिवस धाडी पडण्याचे. आपली खूण दुसऱ्याला आपल्या घरापर्यंत आणू शकते.

मागल्याचं काम दिसायला सोपं आहे. पण ते कुणालाही देत नसत. कारण त्याने डहाळी उचलली, की ती वाट मागच्या माणसाला बंद झाली. म्हणून त्याच्या मागे कुणी नाही, हे त्याला पक्कं माहीत असावं लागतं.

कळंबदऱ्याचा मागल्या होता बुधाजी. बोलायला कमी, पायाला घट्ट. त्याच्या मागे कधी शेळीसुद्धा राहिली नाही, असं गाव म्हणायचं. बुधाजी मागे असला, की म्हाताऱ्या माणसांना घाई नसे. दम लागला तर बसत. तो आपला दहा पावलं मागे उभा राहायचा, जणू त्यालाच बसायचं होतं.

त्याची बायको गेल्याला सहा वर्षं झाली होती. एकच पोर, ठमी. चौदा-पंधरा वर्षांची. आई गेली तेव्हापासून घर तिनेच चालवलं. आमच्याकडे चुलीतला विस्तव विझू देत नाहीत. झोपताना निखारा राखेत पुरायचा, पहाटे उकरून फुंकायचा. ठमीच्या आईने मरायच्या आदल्या संध्याकाळी निखारा राखेत पुरला होता. तो सकाळी ठमीने उकरला आणि तेव्हापासून एक दिवस विझू दिला नाही. घरात आईचं म्हणून जे काही उरलं होतं ते हेच. लोक म्हणायचे, शेजारून विस्तव आण की, काय फरक पडतो? ठमीला फरक पडायचा.

आईची दुसरी एक वस्तू होती, पण तीही रोजच्या वापरातलीच. आईच्या तांबड्या लुगड्याचा काठ. बुधाजीने लेकीसाठी इरलं विणलं तेव्हा त्याच्या शेंड्याला त्या काठाचा गोंडा बांधला. इरलं तुम्ही पाहिलं नसेल. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर पानं, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत सगळी पाठ झाकणारं. पावसात सगळा गाव इरली घेऊन निघाला, की मागून माणूस दिसतच नाही, नुसती इरली चालताना दिसतात. त्यात आपली पोर लांबून ओळखू यावी म्हणून तो गोंडा.

त्या दिवशी गाव निघालं. पुढल्या स्वतः पाटील, कारण पठाराची नवी वाट त्यानेच चार गड्यांना घेऊन दोन दिवसांपूर्वी तोडली होती. मधे बायामाणसं, पोरं, म्हातारी, गुरं. शेवटी बुधाजी. वाटेत फाटे सात होते. पहिल्या चार फाट्यांपर्यंतची वाट जुनी, सगळ्यांच्या पायाखालची. पाचव्या फाट्यापासून नवी, बायकापोरांनी कधी न पाहिलेली. आपण बसलोय तो हा पाचवा फाटा.

ठमीच्या डोक्यावर गाठोडं नव्हतं. तिच्या हातात गाडगं होतं, त्यात राख, राखेत आईचा निखारा, वर झाकण म्हणून खापर. ते ती इरल्याखाली पोटाशी धरून चालली होती. तिच्यापुढे ठकूबाई म्हणून एक एकटी म्हातारी चालत होती. चौथा फाटा मागे पडला आणि वाऱ्याचा असा झोत आला, की ठकूबाईचं इरलं उडालं आणि दरीत गेलं. म्हातारी भिजली, दात वाजायला लागले, मटकन खाली बसली. ठमीने तिला उठवलं. आपलं इरलं काढून तिच्या पाठीवर घातलं. स्वतः चवईचं, म्हणजे रानकेळीचं, एक रुंद पान तोडून डोक्यावर घेतलं.

"आन् तू गं?" ठकूबाई म्हणाली.

"मी काय म्हातारी हाय व्हय?" ठमी म्हणाली.

पानाने डोकं झाकलं, पण गाडगं झाकलं नाही. थोड्या अंतरावर तिने खापर उचलून बघितलं, तर राखेचा चिखल झालेला. निखारा गेला होता. पोर जागच्या जागी उभी राहिली. मग ठकूबाईच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "आजे, चूल आजून गरम आसंल. पानी वट्यावर हाय, चुलीपातुर न्हाई चढलं. मी नाळंनं उतरते आन् इस्तू घिऊन येते."

"येडी का काय? एकली?"

"एकली कशी? बा मागं हाय. येताना त्येच्याच संगं येते."

नाळ म्हणजे कड्यातली घळ. उतरायला जवळची, पण पावसात हातात गाडगं घेऊन चढता न येणारी. म्हणजे परत यायचं ते वाटेनेच. ठमीला वाटलं, बा अजून खाली असेल, वाटेत भेटेलच. आणि नाही भेटला तरी काय? तो मागल्या होता. तिला मागे टाकून तो खुणा उचलेल, हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. ती नाळेत उतरली. धुक्यात दोन पावलांवर दिसेनाशी झाली.

आणि बुधाजी? तो तोवर चौथा फाटा ओलांडून वर आला होता. ती नाळेने खाली गेली, तो वाटेने वर आला. बापलेकीच्या मधे हाकेचं अंतर होतं, पण पाऊस असा वाजत होता, की हाक मारली असती तरी ऐकू आली नसती. आणि हाक मारायचं कारण दोघांनाही नव्हतं.

बुधाजी या फाट्यावर आला. डाव्या वाटेवर पाटलाने टाकलेली डहाळी होती, पांगाऱ्याची. तो इथे थांबला, नेहमी थांबायचा तसा. पुढे धुक्यातून इरली वर चढत होती. त्याने ती मोजली. एक कमी भरलं, पण कुणाचं तरी इरलं वाऱ्याने दरीत जाताना त्याने खालून बघितलं होतं. मोजून झाल्यावर, सगळ्यात शेवटचं इरलं बघितलं. त्याच्या शेंड्याला तांबडा गोंडा होता. लेक आपल्या पुढेच आहे, जरा रेंगाळतेय, एवढंच त्याच्या मनात आलं. तो वाकला, दगड बाजूला केला आणि डहाळी उचलून काखेत मारली.

एवढंच. तेवढ्या वेळात माणूस तंबाखूसुद्धा मळत नाही.

पठारावर सगळे जमले तेव्हा दिवस कलला होता. बायका गाठोडी सोडत होत्या, पोरं रडत होती. बुधाजी सगळ्यांच्या शेवटी आला, काखेत सात डहाळ्या. तो सरळ त्या तांबड्या गोंड्याच्या इरल्याकडे गेला आणि म्हणाला, "ठमे, इस्तू ऱ्हायला का गं?"

इरलं वळलं. आत ठकूबाईचं तोंड होतं.

म्हातारी त्याच्या मागे बघायला लागली. त्याच्या मागे पाऊस होता. ती म्हणाली, "बुधाजी, पोर कुठंय? त्वा आनली न्हाईस? म्हनली, बा मागं हाय, त्येच्या संगं येते."

 बुधाजीने आपल्या काखेकडे बघितलं. असे सांगतात, की त्या डहाळ्या त्याच्या हातून पडल्या नाहीत. त्याने त्या घट्ट धरल्या आणि तसाच धावत सुटला, आणि मागून गाव धावलं.

या फाट्यावर येऊन त्याने डाव्या वाटेला पाय घातला. इथून खाली शंभरेक पावलांवर कातळाची एक कपार आहे, पाऊस आत येत नाही अशी. तिथे गाडगं होतं. नीट, दगडाला टेकवून ठेवलेलं. वर खापर, खापरावर चवईचं पान, पानावर उडू नये म्हणून दगड. बुधाजीने खापर उचललं. राख कोरडी होती. राखेत निखारा जिवंत होता.

म्हणजे पोर घरी पोचली होती. चुलीतला निखारा घेऊन, चढून, या फाट्यापर्यंत सुखरूप आली होती. इथे उभी राहिली असेल. खूण शोधली असेल. दोन्ही वाटा मोकळ्या बघून तिला काय वाटलं असेल, ते देवाला माहीत. रुंद वाट खरी धरली असेल. खाली जाता जाता शंका आली असेल, म्हणून हात मोकळे करायला विस्तव इथे ठेवला आणि जरा पुढे बघून येते म्हणून गेली असेल. कपारीच्या पुढे वीस पावलांवर वाट पाण्यात जात होती. सकाळी ते पाणी तिथे नव्हतं. धुक्यात पाण्याची कड दिसत नाही, तुम्ही आज बघितलंच.

गावाने काठावर उभं राहून हाका मारल्या. अंधार पडला तसे टेंभे लावले. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी शोधलं. पाण्याने तिचं काहीही परत दिलं नाही.

त्या निखाऱ्यावर पठारावरची पहिली चूल पेटली आणि तिच्यावरून बाकीच्या सगळ्या. ठमीने गावाला विस्तव पोचवला, आपण पोचली नाही. माझी आजी एवढं बोलली, की चुलीकडे तोंड फिरवून बसायची. पुढचं मग आजा सांगायचा.

ठकूबाईने ते इरलं पुन्हा अंगाला लावलं नाही. ती बुधाजीच्या दारात येऊन बसली आणि कपाळ बडवायला लागली, "माज्यापायी गेली रं पोर. मला वाऱ्यानं न्यायला हवं हुतं, ती ऱ्हायली आसती." बुधाजीने तिचे हात धरले. म्हणाला, "काकी, तिनं तुला पांगरूण दिलं, ते बरंच केलं. माजीच पोर ती. मी इरली मोजली. त्वांडं न्हाई मोजली." त्यानंतर म्हातारी मरेपर्यंत त्याच्याच घरी राहिली, त्याच्याच हातचं जेवली. गावातल्या कुणी त्याला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं तो एकदा म्हणाला होता, म्हणे.

पण तिसऱ्या दिवशी शोध थांबवून सगळे वर निघाले, तेव्हा बुधाजी या फाट्यावर थांबला. काखेतल्या सात डहाळ्या त्याने अजून टाकल्या नव्हत्या. त्यातली एक त्याने पुन्हा डाव्या वाटेवर आडवी ठेवली, वर दगड ठेवला आणि गावासमोर बोलला, "ही खून मी आता उचलायचा न्हाई. पोर येईस्तवर मी मागल्याच हाय. माज्यामागं माजी पोर हाय."

तेव्हापासून तो रोज निघायचा. ठमी पाण्यातून कुठल्या बाजूला वर येईल ते कुणाला ठाऊक? म्हणून त्याने काठाची एकही बाजू सोडली नाही. आज इकडून उतरायचा, पाण्यापर्यंत जायचा, हाक मारायचा, थांबायचा, वर यायचा. उद्या पलीकडून. जिथे वाट फुटेल तिथे डहाळी आडवी टाकायचा, म्हणजे पोर आली तर बरोबर घरी यावी. तुम्ही ज्या वाटांवरून सकाळपासून चालताय, त्या त्याच्या पायांनी पडल्या, आणि ही डावीसारखी जुनी होती तीही त्याच्याच पायांनी टिकली. त्या तलावाला वळसा घालत नाहीत, कारण तो फिरायला जात नव्हता. तो पाण्यापाशी बघून परत यायचा. बावीस वर्षं, पावसाळे धरून.

आणि त्या डहाळ्या? पांगाऱ्याची फांदी मातीत पडली तर रुजते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. कुंपणं आम्ही त्याचीच करतो. पण कुंपणाचा पांगारा सरळ वर जातो. या सात रुजल्या त्या आडव्याच रुजल्या आणि आडव्याच वाढल्या. कुणी म्हणतं देवीने केलं, कुणी म्हणतं वरच्या दगडांमुळे. मला विचाराल तर मी म्हणतो, त्यांना ज्या कामाला ठेवलं होतं ते काम त्यांनी केलं.

बुधाजी मेला तो वर वाडीत, आपल्या घरी. शेवटी शेवटी त्याला दिसत नव्हतं, तरी दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याचं तोंड हाताने चाचपायचा आणि नाव विचारायचा. लोक हसत नसत, उभे राहायचे. मरताना त्याने एकच गोष्ट मागितली. म्हणाला, "मला फुडं नेऊ नका." दुसरीकडे तिरडी पुढे असते आणि माणसं मागून चालतात. बुधाजीच्या वेळी सगळं गाव पुढे चाललं आणि खांदेकरी त्याला घेऊन सगळ्यांच्या शेवटी आले. या फाट्यावर तिरडी टेकवली आणि घटकाभर थांबले. कशासाठी ते कुणी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

आता माझंही एक सांगतो, कारण तुम्हाला वाटत असेल, म्हातारा गोष्टी सांगून वेळ काढतोय. सहा वर्षांपूर्वी अशाच पावसात एक मंडळी आली होती. अकराजण, सगळ्यांचे निळे रेनकोट, एकाच दुकानातले. टोप्या डोळ्यांपर्यंत ओढलेल्या. मला ताप होता, पाऊस झोडपत होता. म्हटलं, कशाला सगळ्यांना थांबवा. मी मागे उभा राहून निळे कोट मोजले. अकरा भरले. वर गेल्यावर कळलं, अकरावा कोट दुसऱ्याच कुणाचा होता, एकटा फिरायला आलेला, आमच्यात मिसळून चालत होता. आणि आमच्यातली एक बाई मागे राहिली होती, बुटाची नाडी बांधायला. मी हा उतार कसा उतरलो ते मला आठवत नाही. माझ्या डोळ्यांपुढे ते गाडगं होतं. बाई इथे या पांगाऱ्यापाशी बसलेली सापडली. म्हणाली, "काका, डावीकडे जाणार होते, पण झाड आडवं होतं म्हणून म्हटलं, थांबावं." मी झाडाला हात लावला आणि तिच्यापुढे लहान पोरासारखा रडलो. त्या बाईला वाटलं, मला ताप चढला.

तर ही आख्यायिका. खरी किती, खोटी किती, ते तुम्ही ठरवा. खाली पाण्यात गाव आहे की नाही, तेही मी पाहिलेलं नाही. पण आजही या रानात आम्ही वाटेवर टाकलेली खूण उचलत नाही. आजही वाडीत कुणी चूल वेगळी मांडली, की विस्तव जुन्या चुलीवरून नेतात आणि नेणाऱ्या पोरीला एकटी पाठवत नाहीत. आणि आजही, कितीही पाऊस असो, या फाट्यावर प्रत्येकाला मागे वळून तोंड दाखवावं लागतं. चला, धुकं उठतंय, उठा. रेनकोटाच्या टोप्या खाली करा. लाजू नका, भिजाल थोडे, भिजू दे. एकेकाने माझ्याकडे बघायचं आणि आपलं नाव सांगायचं.

बरं. नऊ नावं झाली, नऊ तोंडं बघितली. आता मी एक नाव घेतो, तेवढ्यापुरतं कुणी बोलू नका.

ठमे! ए ठमे!

उत्तर येत नाही. कधीच आलेलं नाही. तरी थोडं थांबायचं असतं, पोरीच्या हातात गाडगं आहे, तिला धावता येत नाही.

हं. चला आता, उजवीकडची वाट धरा. सावकाश चला, घाई नाही. मी मागं हाय.